निळ्या दाराचं घर आणि आयगिलची कवळी

आयगिल क्रो हा माणूस मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. नऊ वर्षं आम्ही दोघं एकाच छपराखाली फुकट राबतो आहोत. या नऊ वर्षांत त्याने माझ्या कॉफीला 'मशीनचं तेल' सोडून दुसरं नाव दिलेलं नाही, आणि मी त्याला कधी 'ये' म्हटलेलं नाही. तो येतो तो येतोच.

आमचं दुकान चर्चच्या मागे आहे. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू आम्ही विकतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार उघडं. मुख्य मी, इंगेलिसे. गल्ल्यावर बेन्ट, ज्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने तो ऐकत नाही. आणि मागच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर आयगिल आणि त्याचे ठोकळे.

ठोकळ्यांना आमच्याकडे तोटा नाही. पोरांच्या खेळण्यातले, एकावर एक दाबून बसवायचे ते प्लास्टिकचे ठोकळे जिथे बनतात तो कारखाना इथून सात किलोमीटरवर. अर्ध्या गावाने तिथे आयुष्य काढलं. इथे म्हातारं माणूस गेलं की घरातून आधी खाट निघते आणि तिच्यामागून ठोकळ्यांच्या पेट्या. पेटीतले निम्मे ठोकळे एकमेकांना चिकटलेले. वीस-तीस वर्षं माळ्यावर काढलेली पातळ पट्टी दुसऱ्या पट्टीवर अशी बसते, की नख तुटेल पण ती सुटणार नाही. ते सोडवणं हे आयगिलचं काम.

काम त्याला येतं, एवढं मी मान्य करते. कारखान्यात एकेचाळीस वर्षं तो पकड तपासायचा. साच्यातून निघालेल्या मालातले मूठभर ठोकळे घ्यायचे, जोडायचे, सोडायचे, पुन्हा जोडायचे, पुन्हा सोडायचे. जोडलेला ठोकळा आपोआप पडता कामा नये, आणि पाच वर्षांच्या पोराच्या बोटांना सुटलाही पाहिजे. या दोन्हींच्या मधल्या केसाएवढ्या जागेवर त्याने संसार केला. "सुटत नाही तो ठोकळा नव्हे, दगड," हे त्याचं वाक्य गावात प्रत्येकाने एकदा तरी ऐकलंय. मी दर आठवड्याला ऐकते.

पण त्याची पद्धत! जवान होता तेव्हा तो ठोकळे दातांनी सोडवायचा. तसे ते इथे सगळेच सोडवायचे. माझ्या वयाच्या कुणाचेही लहानपणीचे ठोकळे बघा, कडांवर दातांचे ठसे सापडतील. पण आयगिलने ते एवढे सोडवले की वरचे चार दात वेळेआधीच गेले. आता तिथे तारांच्या आकड्यांची कवळी आहे. अडेल पट्टी आली की हा माणूस तोंडात बोटं घालतो, कवळी बाहेर काढतो, रुमालाला पुसतो आणि तिची तार फटीत सारून पट्टी उचकटतो. पुन्हा पुसतो. पुन्हा तोंडात. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरीही. एका नाताळला मी स्वतःच्या पैशाने त्याला ठोकळे सोडवायचं ते नारिंगी अवजार आणून दिलं, प्रत्येक घरात असतं ते. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि त्या अवजाराने कॉफी ढवळली. अजून ढवळतो.

आमचं वैर मात्र कवळीवरून नाही, किल्ल्यावरून. तो आला त्याच आठवड्यात कुणीतरी एक जोडलेला किल्ला दिला होता. बुरूज, शिपाई, साखळीचा पूल, पूल वरखाली होणारा. मी तो पुसून शेल्फाच्या मधोमध ठेवला आणि भाकरीचा तुकडा खायला मागे गेले. परत येते तर किल्ल्याच्या जागी काचेची बरणी.

"आयगिल, माझा किल्ला?"

"बरणीत."

"अरे पण तो पुरा होता!"

"पुरा कसला? तीन ठिकाणी चुकीचा जोडला होता. आणि तसाही, चिकटलेलं काही विकायचं नाही. पोरांना ठोकळे द्यायचे असतात. तुझा किल्ला नाही."

"हे दुकान तुझ्या बापाचं आहे का?"

"नाही," तो म्हणाला, "तुझ्याही नाही."

त्या दिवशी मी दोन नियम केले आणि मोठ्या अक्षरांत मागच्या खोलीत लावले. पहिला: इथे काम करणाऱ्याने कुठलीही वस्तू एक पूर्ण दिवस दुकानात मांडल्याशिवाय स्वतः विकत घ्यायची नाही. दुसरा: वस्तू कुणी दिली आणि कुणी नेली, हे कुणालाही सांगायचं नाही. गाव चार रस्त्यांचं आहे. लग्नात आलेला कपबशांचा संच दोन महिन्यांत आमच्याकडे आला, ते बेन्ट बोलून बसला आणि दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पहिला नियम मी आयगिलला डिवचायला केला होता, कारण जुने ठोकळे सगळ्यांआधी त्याच्या हाताखालून जायचे. त्याने दोन्ही वाचले, मान हलवली आणि नऊ वर्षांत एकदाही मोडले नाहीत. नियम म्हटलं की त्याला पक्वान्न वाढल्यासारखं होतं. तोही एक राग.

ऑक्टोबरच्या शेवटी एका शनिवारी, आयगिल निघून गेल्यावर, एक बाई खोकं घेऊन आली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची, आखूड केस, ऑर्हुसकडचे, शहरी बूट. मी ओळखलं. कपाळ बापाचं होतं, आयगिलचं.

"तू सिसेल," मी म्हटलं.

"आणि तुम्ही रंगाच्या दुकानातल्या," ती म्हणाली. "तुम्ही मला गोंद विकला होता."

मला आठवत होतं. मी तेव्हा रंगाच्या दुकानात काउंटरवर होते. नऊ वर्षांची पोर, हाताच्या घामाने ओली झालेली नाणी. कशाला हवाय गोंद, विचारलं तर म्हणाली, विमान चिकटवायचंय. मी दिला. दुसऱ्याच आठवड्यात गावात कुजबुज झाली की आयगिलच्या पोरीने ठोकळे चिकटवले. तुम्हाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे कुणाच्या घरात ठोकळ्यांना गोंद लावला, तर भाकरीवर थुंकल्यासारखं बघतात.

कारणही गावाला माहीत होतं. तिची आई वायलेच्या इस्पितळात होती, मार्चमधल्या एका सोमवारी घरी यायची होती. पोरीने आठवडाभर खपून तिच्यासाठी ठोकळ्यांचं घर बांधलं. आणि आयगिलच्या घरात नियम होता, रविवारच्या कॉफीआधी सगळे ठोकळे सुटे करून रंगाप्रमाणे खणांत परत. आई येणार म्हणून नियम बदलेल, तर तो आयगिल कसला? पोर अंघोळीला गेली आणि बापाने ते घर सुटं करून टाकलं. सोमवारी आई आली ती रिकाम्या टेबलाकडे. महिन्याभरात ती वारली. पोरीने तेच घर त्याच ठोकळ्यांचं पुन्हा बांधलं, या वेळी गोंद लावून, आणि मैत्रिणीच्या माळ्यावर लपवलं. अठराव्या वर्षी ती ऑर्हुसला गेली, आणि नंतर बापाशी बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

"मैत्रिणीची आई वृद्धाश्रमात गेली," सिसेल म्हणाली. "माळा रिकामा करतोय. त्यात हे निघालं." तिने खोकं उघडलं. लाल भिंती, पांढरं छप्पर, वीतभर लांबीचं घर, पुढे निळं दार. "तो अजून सगळं सुटं करतो?"

"सगळं."

"मग हे त्याच्या टेबलावर ठेवा. कुणी दिलं ते सांगू नका. करू दे सुटं." ती हसली, पण चांगलं नाही. "बघू दे प्रयत्न करून. यातलं एकही सुटणार नाही. दारसुद्धा उघडत नाही. ते मात्र मी मुद्दाम नव्हतं केलं. दार मला उघडायला हवं होतं, गोंद बिजागरीत ओघळला." मग ती म्हणाली, "मैत्रिणीच्या आईचं घर सुपूर्द करायला अजून तीन-चार आठवडे आहेत. मी येऊन बघेन काय झालं ते."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? नऊ वर्षांत पहिल्यांदा मंगळवारची वाट बघितली.

मंगळवारी खोकं त्याच्या टेबलावर होतं. आयगिल आला, कोट टांगला, खोकं उघडलं आणि उभाच राहिला. मी दारातून बघत होते.

"हे कुणी दिलं?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "नियम दोन."

त्याने खुर्ची ओढली, माझ्याकडे पाठ करून बसला आणि दिवा खाली घेतला. माझ्या मनात आलं, आपट आता भिंतीवर डोकं. दुसरीकडे कुठे कुणीही दोन मिनिटांत म्हणालं असतं की अरे, हे चिकटवलेलं आहे. पण एकेचाळीस वर्षं पकड तपासलेल्या माणसाच्या डोक्यात गोंद येणारच नाही, आणि ती जुनी कुजबुज त्याच्या तोंडावर कुणी कधी बोललं नव्हतं. तो म्हणेल, माळ्याच्या उन्हाने बसलंय, जुनी घाण आहे, आणि झटत राहील. मी पैज लावली असती.

तो झटत राहिला. त्या मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. कोमट पाण्याचा वाडगा आला. मग आमच्या फ्रीजमध्ये, माझ्या भाकरीवर लावायच्या लिव्हरच्या लगद्याशेजारी, ते घर एक दिवस बसलं. मग दात साफ करायच्या दोऱ्याची रिळं आली. बाकीच्या पेट्या तशाच पडल्या, गिऱ्हाईकं सुटे ठोकळे मागायला लागली, बेन्टसुद्धा म्हणाला, "अगं, याला झालंय काय?"

"म्हातारपण," मी म्हटलं, आयगिलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "एक खेळण्यातलं घर सुटत नाहीये तपासनिसाला."

पाठ हलली नाही.

"काय रे आयगिल, दगड आहे का?"

"कॉफी आण," तो म्हणाला. "मशीनचं तेल कामाला येईल."

दुसऱ्या आठवड्यात त्याने कवळी बाहेर काढली ती तासतासभर बाहेरच राहिली. गाल आत बसलेले, चष्म्यावर दुसरा चष्मा, आणि हातात ते चार दात. शनिवारी कट्‌ करून आवाज आला. कवळीची तार तुटली आणि तिच्याबरोबर एक दात उडून फडताळाखाली गेला. बेन्ट गुडघ्यावर बसून शोधायला लागला. मी हसले. मोठ्याने हसले, आणि आयगिलने वळून माझ्याकडे बघितलं. तोंडात वरचं काही नव्हतं, त्यामुळे त्याचा चेहरा एकदम नव्वदीचा दिसला. मी हसायची थांबले नाही, हेही सांगते.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी मला राहवलं नाही. गंमत कुणाला तरी सांगावीशी वाटते, आणि सांगण्यासारखा दुसरा माणूसच नव्हता. मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"अरे खुळ्या, गोंद आहे तो. सगळं घर चिकटवलेलं आहे. गोंद!"

"माहीत आहे," तो म्हणाला. मान खालीच.

"कधी कळलं?"

"खोकं उघडलं तेव्हा."

"मग तीन आठवडे काय करतोयस?"

त्याने घर माझ्याकडे वळवलं. एकही ठोकळा हललेला नव्हता. भिंतीवर ओरखडा नव्हता. फक्त निळ्या दाराच्या बाजूला, बिजागरीच्या फटीत, केसाएवढी स्वच्छ रेघ होती.

"बाकी सगळं तिने नीट चिकटवलंय," आयगिल म्हणाला. "कोपऱ्याकोपऱ्याला गोंद बरोबर लावलाय. दाराला नाही. दाराला तो ओघळून आलाय. म्हणजे दार तिला उघडं हवं होतं."

मी वाकून ती रेघ बघितली. 

"हे दार विकायला कधी आलंच नाही," तो म्हणाला. "एकदा रंगाची चाचणी झाली होती. निळा पसंत पडला नाही, सगळी दारं वितळवायला गेली. एक मी खिशात घालून आणलं. तिच्या आठव्या वाढदिवसाला." त्याने रुमालाने दार पुसलं. "एकेचाळीस वर्षांत कारखान्यातून एवढं एकच उचललं."

त्याने नखाच्या टोकाने दाराला ढकललं. ते अर्ध्यापर्यंत गेलं, अडलं, मग टिक्‌ करून पूर्ण उघडलं. त्याने बंद केलं. पुन्हा उघडलं. चार-पाच वेळा जोडून-सोडून बघावं तसं, कान जवळ नेऊन.

"मला हे विकत घ्यायचंय," तो म्हणाला.

आता इथे कुठल्याही भल्या बाईने म्हटलं असतं, ने बाबा. मला लाज वाटत होती, तीन आठवड्यांच्या हसण्याची, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो. मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"नियम एक. एक पूर्ण दिवस मांडायचं. गुरुवारी मिळेल, असलं तर."

वाद घालेल असं वाटलं. घातला असता तर कदाचित मी दिलंही असतं. पण नियम तो नियम. त्याने मान हलवली, पेन काढलं आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर किंमत लिहिली. खाली त्याच्या त्या खिळे ठोकल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'घर. सुटत नाही. दार उघडतं.' पुठ्ठा छपराला टेकवला आणि कोट चढवून निघून गेला. दुपारच्या कॉफीलाही थांबला नाही.

घर मी शेल्फाच्या मागच्या रांगेत, बाहुल्यांच्या आड ठेवू शकले असते. मी ते रस्त्याकडच्या खिडकीत मांडलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते एकट्या आयगिलसाठी नाही.

बंद करायला अर्धा तास उरला असताना सिसेल आली. खिडकीतूनच तिला घर दिसलं होतं. ती आत आली ती थेट तिकडे गेली.

"नाही तुटलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला कळेना की तिला बरं वाटलं की वाईट. तिने घर उचललं, खालून बघितलं, कोपऱ्यांवर अंगठा फिरवला. मग पुठ्ठा वाचला. पुन्हा वाचला. मग एक बोट दाराला लावलं, अगदी हलकं, उघडणार नाहीच अशा हिशोबाने, आणि दार उघडलं.

बेन्टने गल्ला मोजता मोजता हात थांबवला. त्याला काय कळलं देव जाणे.

ती दारातून आत बघत राहिली. आत काही नव्हतं, आम्ही पुसून घेतलं होतं. तिने पाकिटातून नोटा काढून गल्ल्यावर ठेवल्या, सुट्टे पैसे नको म्हणाली, आणि घर कोटाच्या आत धरून निघाली. दाराशी वळली.

"चाळीस वर्षं लागली त्याला," ती म्हणाली, आणि घंटी वाजून दार लागलं.

गुरुवारी मी किल्ल्या घेऊन आले तेव्हा उघडायला अर्धा तास होता. आयगिल आधीच दारात उभा होता. नोव्हेंबरचा वारा आमच्याकडे माणसाला उभं राहू देत नाही, पण हा उभा होता, टोपी दोन्ही हातांनी धरून, आणि खिडकीकडे बघत होता. खिडकीत एक फुलदाणी होती. कवळी दुरुस्त करून आणलेली दिसत नव्हती.

मी कुलूप काढलं. तो आत आला, कोट काढला नाही.

"गेलं?"

"गेलं."

"कुणी नेलं?"

विचारून झाल्यावर त्याचं त्यालाच भिंतीवरच्या कागदाकडे लक्ष गेलं. नियम दोन. त्याने मान हलवली, नेहमीसारखी, आणि टेबलाकडे वळला. नऊ वर्षं तो एक नियम मोडील म्हणून मी टपून बसले होते. त्या क्षणी तो मोडत नाही याचा मला जेवढा संताप आला, तेवढा किल्ल्याचाही आला नव्हता.

"जिने दिलं तिनेच नेलं," मी म्हटलं.

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"दार उघडून बघितलं तिने?"

"बघितलं."

"अडलं नाही ना? अर्ध्यावर अडायचं जरा."

"नाही अडलं."

तो बसला. कोटासकट. त्याने पुढ्यातल्या पेटीतून दोन चिकटलेल्या पट्ट्या उचलल्या आणि नुसत्याच हातात धरल्या.

"काही म्हणाली?"

मला चांगलं काहीतरी बनवून सांगता आलं असतं. पण या माणसाशी मी कधी गोड बोलले नाही, आणि खोटं त्याने पकडलं असतं. "म्हणाली, चाळीस वर्षं लागली त्याला."

आयगिलने त्या पट्ट्यांकडे बघितलं.

"अडतीस," तो म्हणाला. "मार्चमध्ये एकोणचाळीस होतील."